हायब्रिड मोटार आणि शेतकऱ्याचा जमाखर्च

'हायब्रिड' हा शब्द आमच्या वऱ्हाड-नागपूरकडील शेतकरी बंधूंस नवा नाहीं. १९६४ सालीं सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि पुढें हा शब्द खेड्यापाड्यांतील चुलीपर्यंत पोंचला. त्या बियाण्यानें एक धडाही शिकविला. खत, पाणी व योग्य जमीन नसेल, तर महाग बीं पेरूनही पदरीं कांहीं पडत नाहीं. आज तोच शब्द मोटारीस लागला आहे आणि "अशी लहान मोटार घ्यावी काय?" असें कित्येक सभासद आम्हांस विचारतात. आम्हीं २०२२ च्या अखेरीस एक हायब्रिड मोटार घेतली व प्रतापनगरांतील बिऱ्हाडापासून शेतापर्यंत तीन वर्षें वापरली. त्या अनुभवावरून आमचें मत येथें मांडीत आहों.

ह्या मोटारींत पेट्रोलचें इंजिन व विजेची मोटर अशीं दोन यंत्रें असतात. साध्या मोटारीस ब्रेक लावला कीं तिची गति उष्णता होऊन वायां जाते. येथें मात्र त्या वेळीं विजेची मोटर जनित्राचें काम करते व बॅटरी भरते. बाहेरून वीज भरावी लागत नाहीं. वाहून जाणारें पाणी बांध घालून शेतांत जिरवावें, तसाच हा प्रकार आहे. १९९७ सालीं जपानांत टोयोटा कंपनीनें प्रियस ही मोटार विक्रीस आणली, तेव्हांपासून ही युक्ति जगभर पसरली.

आतां अनुभव. प्रतापनगराहून कळमन्याच्या बाजारांत जावयाचें म्हणजे शहराची सारी गर्दी आडवी येते. तेथें आम्हांस लिटरला २२ ते २४ किलोमीटर मिळतात. तीच मोटार समृद्धि महामार्गावर ताशीं १२० च्या वेगानें नेली, तर १७ वर येते. कारण उघड आहे. तेथें ब्रेक लागतच नाहीं, मग अडवावयाचें पाणी कोठून आणावयाचें? उन्हाळ्याचीही गोष्ट ध्यानांत घ्यावी. नागपुरास २३ मे २०१३ रोजीं पारा ४७.९ अंशांवर गेला होता. वैशाखांत गार हवेसाठीं बॅटरी खर्च होते, इंजिन वारंवार सुरू होतें व सरासरी उतरते.

निगेच्या बाबतींत तीन गोष्टी आम्ही ठेंच लागून शिकलों. बॅटरीस थंड ठेवणारी हवा मागील बैठकीजवळच्या जाळींतून आंत जाते; शेतरस्त्याच्या धुळीनें ती जाळी भरते व वेळोवेळीं साफ करावी लागते. पेरणीच्या दिवसांत मोटार तीन आठवडे उभी राहिली, तेव्हां बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली. मोठी बॅटरी शाबूत असूनही मोटार जागची हलेना. तिसरें असें कीं, नारिंगी वेष्टनाच्या तारांतून उच्च दाबाची वीज वाहते. गांवच्या मिस्त्रीनें तीस हात लावूं नये. दुरुस्तीस शहर गांठावेंच लागतें.

खरा प्रश्न पैशाचा आहे. आमची मोटार वर्षास १२,००० किलोमीटर चालते. तशाच साध्या मोटारीस १४ व आम्हांस सरासरी २१ किलोमीटर धरले, तर वर्षास २८६ लिटर पेट्रोल वांचतें. लिटरला १०४ रुपये धरून ते सुमारें ३०,००० रुपये होतात. परंतु मोटारीची किंमत अडीच लाखांनीं अधिक पडली. ती वसूल होण्यास आठ वर्षांहून अधिक काळ लागणार, आणि मोठ्या बॅटरीची हमी आठच वर्षांची! हेच अडीच लाख शेंकडा ९ व्याजानें काढले, तर पहिल्या वर्षीं व्याजच २२,५०० रुपये होतें. म्हणजे वांचलेल्या पेट्रोलाचा मोठा भाग सावकाराच्या घरीं गेला.

सरकारी धोरणाविषयींही दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांच्या व १२०० घन सेंटिमीटरांच्या आंतील पेट्रोल-हायब्रिड मोटारींवर शेंकडा १८ कर, तर त्याहून मोठ्यांवर शेंकडा ४० कर ठरला. लांबी मोजून कर घेण्यापेक्षां वांचणारें इंधन पाहून घ्यावा, हें आम्हांस अधिक न्याय्य वाटतें.

सारांश, ज्याचें रोजचें चालणें शहराच्या गर्दींत व पुष्कळ आहे आणि ज्याच्या गांठीं रोख पैसा आहे, त्यानें ही मोटार अवश्य घ्यावी. ती शांत आहे, काटकसरी आहे, आणि इंजिनानें तीन वर्षांत आम्हांस एकदांही दगा दिला नाहीं. परंतु लग्नसराईंत दारापुढें शोभावी म्हणून कर्ज काढून ती घेणें हें शेतकऱ्यास परवडणारें नव्हे. तेच अडीच लाख विहिरीच्या खोदाईस किंवा संत्र्याच्या बागेंतील ठिबकास लावले, तर जें पाणी वांचेल त्यावर पुढील पिढीचा संसार चालेल. बीं निवडतांना आपण जमीन पाहतों. मोटार निवडतांना आपला रस्ता व आपली वही पाहावी, एवढीच आमची विनंति आहे.