'सर्व्हर डाऊन' म्हणण्याआधी भिंतीवरचा डबा बघा

सातबारा काढायला गेलं की 'सर्व्हर डाऊन', पीकविमा भरायला गेलं की 'नेट नाही'. पण दरवेळी दोष सर्व्हरचाच असतो असं नाही.

फायबर केबल ग्रामपंचायतीत येते, तिथं भिंतीवरच्या डब्यात तिची केसाएवढी बारीक काच वितळवून जोडलेली असते. डब्यात ती फार आवळून वाकवली, तर प्रकाश बाहेर सांडतो अन् नेट मंदावतं. टोकावर धूळ बसली तरी तेच. मशीनवर 'एलओएस'चा लाल दिवा लागला, तर प्रकाशच पोचत नाही. बिघाड लाइनमध्ये आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं सुधारित भारतनेटला १.३९ लाख कोटी मंजूर केले. त्यात केबलची रिंग आहे, एका बाजूनं तुटली तर दुसऱ्या बाजूनं नेट चालू राहावं म्हणून. पण पंचायतीच्या खोलीतच डबा उघडा, उंदरानं तार कुरतडलेली, तर रिंग काय करणार?

म्हणून ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. डब्याला कुलूप आहे का? तक्रारीचा नंबर भिंतीवर लिहिलाय का? जोडणारा माणूस किती दिवसांत येतो? डबा स्वतः मात्र उघडू नका. फायबरच्या टोकात डोळा लावणं धोक्याचं, तो प्रकाश दिसत नाही.