‘हरित’ विद्यापीठ ठरते कसे? पाण्याला गुण सर्वांत कमी

विद्यापीठाला पर्यावरणपूरक मानांकन मिळाले की बातमी होते. गुण कशाचे, हे क्वचितच सांगितले जाते. इंडोनेशिया विद्यापीठाची ‘यूआय ग्रीनमेट्रिक’ क्रमवारी २०१०पासून निघते. माहिती विद्यापीठेच पुराव्यांसह भरतात. २०२३च्या निकषांत ऊर्जा व हवामानबदलाला २१ टक्के गुण; कचरा, वाहतूक आणि शिक्षण-संशोधनाला प्रत्येकी १८; परिसराला १५; पाण्याला अवघे १०. पाणी मुरणारी जमीन ‘परिसरा’त मोजतात, तेवढाच दिलासा.

चांदवडची महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न. तालुका मात्र अवर्षणप्रवण, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारा. इथे गच्चीवरच्या सौर पॅनेलआधी विहीर पुनर्भरण आणि सांडपाण्याचा पुनर्वापर विचारायला हवा. क्रमवारीत विभागवार गुणही जाहीर होतात. पाण्याचा रकाना वेगळा असतो.