पाच शतांश मिलिमीटरचा प्रश्न

ऑफिसातून निघालात, किल्ली फिरवली, गाडी सुरू! बाहेर रणरणतं ऊन असो की धो धो पाऊस, इंजिनाला किती पेट्रोल पाजायचं हे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. सेकंदाला कितीतरी वेळा. आपल्याला पत्ताही नसतो. बरंच आहे म्हणा, आपल्या डोक्याला डेडलाइन्सचा ताप काय कमी आहे?

१९६०च्या दशकातल्या स्पोर्ट्स कारला मात्र असली ऐश नाही. तिथे हे काम करतात पितळेचे इवलेसे तुकडे, मधोमध बारीक भोक पाडलेले. त्यांचं नाव जेट. कार्ब्युरेटरमध्ये बसलेल्या या जेटचं भोक जेवढं, तेवढंच पेट्रोल इंजिनाला मिळणार. आणि योग्य जेट निवडून बसवणं म्हणजे जेटिंग. जुन्या गाड्यांच्या शौकिनांना चहापेक्षा जास्त चढणारी नशा!

उदाहरणच घ्या ना. १९६२मध्ये आलेली ब्रिटिश लोटस एलान. वजन जेमतेम ७०० किलोच्या आत, १५५८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आणि त्याच्या कुशीत दोन वेबर ४० डीसीओई कार्ब्युरेटर. एदुआर्दो वेबर नावाच्या इटालियन माणसाने १९२३मध्ये बोलोन्यात सुरू केलेल्या कंपनीचं हे अपत्य. एका कार्ब्युरेटरमध्ये दोन नळ्या, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःची नळी. श्रीमंती थाट! पण मग जेटही प्रत्येकाला वेगळे. एक बदलला की चारही बदला.

यात गंमत अशी, की सगळे जेट एकाच वेळी कामाला नसतात. शहरात रमतगमत चालवताना, साधारण ३००० आरपीएमपर्यंत, बहुतेक कारभार आयडल जेट सांभाळतो. त्यापुढे मेन जेट सूत्रं हातात घेतो. आणखी वर गेलात की एअर करेक्टर नावाचा जेट पेट्रोलमध्ये हवा मिसळून त्याला आवर घालतो. आणि अचानक पाय दाबलात, तर जादा पेट्रोलची पिचकारी मारायला एक छोटा पंप असतो. म्हणून सिग्नलला गाडी अडखळते तेव्हा मेन जेट बदलणं म्हणजे दात दुखतोय आणि चष्म्याचा नंबर तपासतोय!

जेटवरचा आकडा समजायला सोपा. १२० म्हणजे भोकाचा व्यास १.२० मिलिमीटर. सुरुवातीचा ठोकताळाही आहे : कार्ब्युरेटरच्या गळ्याचा, म्हणजे व्हेन्च्युरीचा, मिलिमीटरमधला आकडा गुणिले चार. गळा ३० असेल तर मेन जेट १२०, आणि त्यात ५० मिळवले की एअर करेक्टर १७०. तिथून पुढे मात्र कान, नाक आणि डोळे.

पेट्रोल जास्त झालं, म्हणजे मिक्स्चर रिच, तर काळा धूर, उग्र वास, काजळी धरलेले प्लग. खिशाला चाट, पण इंजिन लगेच दगा देत नाही. खरी भीती लीनची, म्हणजे पेट्रोल कमी पडण्याची. गाडी अडखळते, कार्ब्युरेटरमधून उलटी शिंकते, इंजिन तापतं. कधी कधी तर तीही नाही. उलट अ‍ॅव्हरेज वाढल्यासारखं वाटून आपण खूश! आणि एक दिवस एक्स्प्रेस-वेवर पाय दाबून ठेवलेला असताना पिस्टनला भोक. हे भोक काही पितळेचं नसतं, महाराजा.

आता म्हणाल, आमच्या सोसायटीत एलान कुठली? एलान नसेल, पण आजोबांची फियाट किंवा काकांची आरडी ३५० तर असेल? तत्त्व तेच. आणि त्यांच्यापुढे सध्या एक नवा पेच आहे. २०२५पासून देशभरातल्या बहुतेक पंपांवर ई-२० पेट्रोल मिळतं, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, ई-२०ला सुमारे १३.५. नवी गाडी सेन्सरवरून हे ओळखते आणि पेट्रोल वाढवते. कार्ब्युरेटरला कोण सांगणार? शुद्ध पेट्रोलवर अचूक लावलेली गाडी या इंधनावर सात-आठ टक्के लीन चालते, बिचारी गुपचूप.

उपाय? अनेकदा मेन जेटची एकच पायरी. १२० काढून १२५ लावला की भोकाचा व्यास वाढतो फक्त ०.०५ मिलिमीटरने, पण क्षेत्रफळ वाढतं साडेआठ टक्क्यांनी. हिशेब जवळजवळ चुकता! सोबत पेट्रोलचे जुने रबरी पाइपही बदला, इथेनॉल त्यांना सोडत नाही. आणि दर पावसाळ्यात सुट्टीसाठी महाबळेश्वर गाठत असाल तर लक्षात ठेवा, साडेतेराशे मीटरवर हवा विरळ, तिथे हीच गाडी थोडी रिच वाटेल. म्हणून जेट लावायचे ते तुम्ही रोज जिथे चालवता तिथल्या हवेसाठी.

बाकी नियम दोनच. पहिला : जेटला हात लावण्याआधी टायमिंग, प्लग, फ्लोटची पातळी आणि हवेची गळती तपासा. कार्ब्युरेटरच्या नावाने खपणारी निम्मी दुखणी तिथलीच निघतात. दुसरा : एका वेळी एकच गोष्ट बदला, चालवून बघा, वहीत लिहा. उत्साहाच्या भरात तीन गोष्टी एकदम बदललेल्या माणसाला गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली, ते कळत नाही.

शक्य असेल तर सायलेन्सरला ऑक्सिजन सेन्सर जोडून आकडे बघणारा मेकॅनिक गाठा. नसेल तर निदान गाडी हाकून आल्यावर प्लग काढून रंग बघा. बिस्किटासारखा भुरा दिसला तर शाब्बास. पांढराफटक दिसला, तर येत्या रविवारचा लाँग ड्राइव्ह रद्द, आणि चावी मुकाट्याने खुंटीला!