तेरा तासांची रात्र

डिसेंबरात पुणे-नाशिक पट्ट्यात सूर्य सहाच्या आसपास मावळतो आणि सातच्या आसपास उगवतो. दुपारी ३ ला पोहोचून दुसऱ्या दिवशी ११ ला निघणारा नेहमीचा एकमुक्कामी कॅम्प धरला, तर त्याच्या २० तासांपैकी सुमारे १३ तास अंधाराचे असतात. आपल्या क्षेत्रातली माहितीपत्रके मात्र उरलेल्या सात तासांबद्दलच बोलतात. तळ्याकाठचा सूर्यास्त, कयाकिंग, बार्बेक्यू, शेकोटी, सकाळचे गरम पोहे. रात्रीसाठी एक ओळ असते: राहण्याची सोय तंबूत. (छायाचित्रातला तंबू नेहमी आतून उजळलेला असतो आणि त्यात कधीच कुणी झोपलेले नसते.) या हंगामात पहिल्यांदाच तंबूत राहायला येणाऱ्या कुटुंबांची संख्या मोठी असणार आहे. अशा कुटुंबाच्या कॅम्पचे नियोजन ठिकाण निवडून सुरू करण्याची पद्धत आयोजकांनी सोडावी, असे आम्हाला वाटते. आधी रात्र आखावी. ठिकाण, महिना, जेवण आणि उपक्रम हे सगळे त्या रात्रीला झेपेल तसे ठरवावे.

आपल्यापैकी बहुतेक जण ट्रेकिंगमधून कॅम्पिंगकडे आलो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. गड चढून आलेला विशी-तिशीतला ग्रुप दगडावरही झोपतो, कारण तो दमलेला असतो आणि गैरसोय त्याने स्वतः निवडलेली असते. कुटुंबात चार वर्षांचे मूल असते, गुडघे दुखणारी आजी असते, आणि नवऱ्याने परस्पर बुकिंग केल्यामुळे शुक्रवारी रात्री बॅगा भरणारी बाई असते. यातले कुणीच दमून आलेले नसते. गाडीत बसून आलेले असते. शिवाय तंबूच्या भिंती कापडाच्या. एकाला झोप लागली नाही की चौघांची मोडते, आणि शेजारच्या तंबूतल्या चौघांचीही. दिवसभराच्या कार्यक्रमातली एखादी गोष्ट फसली तर कुटुंब ती हसून सोडून देते. रात्र फसली तर ‘आपल्याला हे जमणारे नाही’ असा निकाल लागतो आणि मग त्यावर अपील नसते.

थंडीचे उदाहरण घेऊ. उंचीबरोबर तापमान उतरते, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश, हे सगळ्या लीडरना पाठ असते. म्हणून हरिश्चंद्रगडावर नेताना स्वेटर-कानटोपीची यादी आठवणीने पाठवली जाते आणि पवनेच्या काठी नेताना पाठवली जात नाही. पण निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री हा हिशेब उलटतो. जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते, उतारावरून खाली सरकते आणि खोलगट जागी साचते. महाबळेश्वरात ऐन थंडीत वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, तेव्हा गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो. निफाड तर सपाट शेतीचा भाग. तरी थंडीच्या लाटेत तिथला पारा १,३७२ मीटरवरच्या महाबळेश्वरपेक्षा खाली जातो. याचा अर्थ असा की ज्या ‘अगदी पाण्याला लागून’ तंबूसाठी आपण जास्त पैसे घेतो, तीच अनेकदा कॅम्पमधली सर्वांत गार आणि सर्वांत दमट जागा असते. काठापासून थोडे वर, जिथे उतार सुरू होतो तिथे तंबू लावले तर फोटोत तळे जरा लांब दिसेल, पण पहाटे चारला फरक कळेल.

त्यात कुटुंबे घरून दोन ब्लँकेटे आणतात आणि दोन्ही अंगावर घेतात. खाली आपण दिलेली पातळ सतरंजी असते. अंगाखाली दबलेल्या कापडात हवा उरत नाही आणि हवा नसली की ऊबही राहत नाही. स्लीपिंग बॅगचीही खालची बाजू अशीच निकामी होते. उष्णता जमीन ओढून घेते, आणि लहान मुलांकडून ती लवकर जाते, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते. जाड कॅरीमॅट द्यावी आणि एक गोधडी खाली अंथरायला सांगावे, एवढ्याने अर्धे काम होते. उरलेले अर्धे काम सांगण्याचे आहे. गारठलेले कुटुंब सगळ्या चेन घट्ट लावते, चौघांच्या श्वासातली वाफ कापडावर जमते आणि पहाटे थेंब गळायला लागतात. लोकांना वाटते तंबू गळका आहे. वरची झडप उघडी का ठेवायची हे संध्याकाळीच दाखवायला हवे. आणि याहून गंभीर म्हणजे, थंडीची तयारी नसलेल्या माणसालाच निखाऱ्यांची शेगडी तंबूत घ्यावीशी वाटते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला तो जागे करत नाही. तंबूत शेगडी नेऊ नये ही सूचना आपण सगळेच देतो, पण ती पाळली जाईल की नाही हे महिनाभर आधी, कॅरीमॅटची खरेदी करताना ठरलेले असते.

शौचालयाबद्दल आपल्याकडे विचारणा होते तेव्हा उत्तर ‘हो, आहे’ एवढेच दिले जाते. ते तंबूपासून किती पावलांवर आहे, वाटेवर दिवा आहे का, आतून कडी लागते का, रात्री दोनला बादलीत पाणी असते का, हे सांगितले जात नाही. याची उत्तरे नसली की बायका संध्याकाळपासून पाणी पिणे कमी करतात आणि मुलांनाही कमी देतात. असल्या तक्रारी अभिप्रायाच्या फॉर्मवर कुणी लिहीत नाही. ते कुटुंब पुन्हा येत नाही, एवढेच. दहा तंबूंसाठी एक नवी कयाक घ्यायची की एक चांगले शौचालय बांधायचे, असा प्रश्न असेल तर तो आमच्या मते प्रश्नच नाही.

दवाखान्याचा विचारही रात्रीच्याच अंगाने करायला हवा. आपल्याकडच्या चार प्रमुख विषारी सापांपैकी मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाच्या जागी वेदना आणि सूज इतकी कमी असते की पुष्कळदा चावल्याचे कळतच नाही. पोट दुखते, पापण्या जड होतात, आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. कोकणात लाल विंचवाचे दंश हा जुना प्रश्न. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिनचा उपचार रुजवला आणि मृत्यू झपाट्याने घटले, पण तो उपचार लवकर मिळावा लागतो. चारी बाजूंनी बंद होणारा, तळ शिवलेला तंबू हे या दोन्हींवरचे उत्तम संरक्षण आहे, अट एकच की चेन लावलेली असावी. तेव्हा जवळचे ग्रामीण रुग्णालय कुठले, तिथे सर्पदंशावरची लस रात्री मिळते का, तिथवर जायला किती वेळ लागतो आणि कॅम्पवर मोबाइलला रेंज नसेल तर १०८ ला फोन कुठून लावायचा, हे लीडरला तोंडपाठ हवे. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून नोंदणीची आणि सुरक्षेची चौकट घातली. ती पाळणे आलेच. पण नोंदणीचे प्रमाणपत्र रात्री बाराला गाडी चालवत नाही.

हे सगळे वाचून कुणाला वाटेल की रात्र म्हणजे नुसते संकट. उलट, १३ तासांची रात्र हीच हिवाळी कॅम्पची सर्वांत मोठी ठेव आहे आणि आपण ती बार्बेक्यूच्या धुरात घालवतो. डिसेंबरात सातपर्यंत पुरता काळोख होतो. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आलेला असतो, मागोमाग रोहिणी, मग मृग क्षितिजावर येते, आणि हे सगळे मूल जागे असताना. मे महिन्यात याच अंधारासाठी आठपर्यंत थांबावे लागते. सहा ते नऊ या तीन तासांत मुलांना साडेसातच्या आत खिचडी किंवा पिठले-भात मिळाला, मोठे दिवे बंद झाले आणि आकाश ओळखणारा एक माणूस सोबत असला, तर वेगळ्या करमणुकीची गरज पडत नाही. आज होते असे की कोळसे साडेआठला पेटतात, पनीर साडेनऊला शिजते आणि मूल चिप्स खाऊन रडत झोपलेले असते. साउंड सिस्टिमबद्दल एवढेच: जमिनीलगतच्या थंड हवेचा जो थर काठावर गारठा आणतो, तोच आवाजालाही खाली वाकवतो, म्हणून पाण्यापलीकडच्या कॅम्पचे गाणे रात्री शेजारी वाजल्यासारखे ऐकू येते. आपण स्पीकर बंद ठेवला तरी शेजाऱ्याचे काय, हा प्रश्न एकट्या आयोजकाने सुटणारा नाही. एका काठावरच्या सगळ्यांनी मिळून वेळ ठरवावी लागेल.

यावर व्यवसायातून येणारा पहिला आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. लोक रात्र विकत घेत नाहीत, काजवे विकत घेतात. भंडारदरा-घाटघर, पुरुषवाडी, राजमाची, मे अखेर ते जून. अनेक कुटुंबांचा पहिला कॅम्प हाच असतो. आमचा विरोध काजव्यांना नाही, ‘पहिला’ या शब्दाला आहे. ते दिवस वळवाचे असतात. विजा, वादळी वारा, ओली जमीन, उकाड्यामुळे उघड्या ठेवलेल्या चेन आणि साप-विंचवांचा वावर हे सगळे एकाच आठवड्यात येते. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप लीडरच्या मोबाइलवर असले तरी वीज आल्यावर तंबू हा आसरा नाही. पक्की इमारत किंवा बंद गाडी जवळ लागते. शिवाय काजवे पाहायचे तर गर्दी आणि उजेड नको, आणि नवखे कुटुंब टॉर्चशिवाय पाऊल टाकत नाही. ज्यांनी थंडीत एक मुक्काम केला आहे त्यांनाच जूनमध्ये न्यावे, असा नियम आयोजकांनी करून पाहावा. त्यात धंदाही बुडत नाही, कारण एकाच कुटुंबाचे दोन कॅम्प होतात.

दुसरा आक्षेप याच्या नेमका विरुद्ध टोकाचा. पलंग, पंखा आणि आतच शौचालय असलेला आलिशान तंबू दिला की वरचे सगळे प्रश्न मिटतात. मिटतात, हे खरे. आजी-आजोबांसाठी तर तो योग्यच पर्याय आहे. पण तिथे कुटुंब पाहुणे असते. पेग कुठल्या कोनात ठोकायचा, फ्लाय आतल्या कापडाला टेकला तर काय होते, वारा कुठून येतो आहे, यातले काहीच त्यांच्या हाताखालून जात नाही, आणि पुढच्या वेळी त्यांना पुन्हा तसाच पलंग लागतो. ते कापडी हॉटेल आहे आणि त्याला हॉटेलचेच निकष लावावेत. तिसरा आक्षेप जुन्या ट्रेकर मंडळींचा: मुलांना थोडी गैरसोय सोसू द्या, आम्ही नाही का घोंगडीवर झोपलो? झोपलात, पण त्याआधी वर्षानुवर्षे घरातल्या जमिनीवर आणि उन्हाळ्यात गच्चीवर झोपत होतात. आजच्या मुलाच्या वाट्याला ती पूर्वतयारी आलेली नाही. स्काउटमध्येसुद्धा मुले आधी शाळेच्या मैदानात तंबू उभारतात, जंगलात नंतर जातात.

म्हणून आमची सूचना अशी की कॅम्पच्या आधीच्या शनिवारी कुटुंबाला तंबू आणि कॅरीमॅट घरी न्यायला द्यावी आणि सोसायटीच्या गच्चीवर किंवा अंगणात एक रात्र काढायला सांगावे. तंबू लावायला पाऊण तास लागतो, मूल अंधाराला घाबरते का, आजोबांना जमिनीवरून उठता येते का, हे तिथेच कळते. जिना उतरला की घर. सामान भाड्याने दिल्याचे थोडे पैसे घ्यायलाही हरकत नाही. त्यानंतरचा पहिला कॅम्प एका रात्रीचाच असावा, घरापासून दोन-तीन तासांच्या आत, गाडी तंबूपर्यंत जाईल अशा जागी, आणि चार वाजायच्या आत पोहोचता येईल असा. समुद्रकिनारा निवडला तर पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाची रेषा आधी पाहून ठेवावी. धरणाच्या पाण्यात लाइफ जॅकेटशिवाय कुणी उतरू नये, कारण बुडालेल्या शेतांचे बांध, विहिरी आणि जुने नदीपात्र वरून दिसत नाही.

आणि मध्यरात्री निघून जाण्याची मुभा बुकिंगच्या वेळीच तोंडाने सांगावी. कुणी तसे निघाले तर पैसे परत द्यावेत का, यावर आयोजकांत मतभेद आहेत. तंबू, जेवण आणि माणसे यांचा खर्च झालेला असतो, त्यामुळे रोख परतावा मागणे अन्यायाचे होईल. त्याऐवजी त्याच हंगामातल्या दुसऱ्या एखाद्या कॅम्पमध्ये जागा द्यावी, असे आमचे मत आहे. निघून जाण्याची मुभा वापरता यावी यासाठी दोन गोष्टी लागतात. गाड्या संध्याकाळीच बाहेरच्या दिशेने तोंड करून लावून घ्याव्यात, आणि फाटकाची किल्ली रात्रपाळीच्या माणसाकडे असावी.