हसलो, तिथंच चुकलो

यंदा गणपतीला मामाकडं खानापूरला गेलो होतो. आरती झाल्यावर बारावीतला मामेभाऊ दहावीतल्या बहिणीला म्हणाला, "तुला सायन्स कशाला गं? शेवटी पैसेवाला बघूनच लग्न करणार की!" सगळे हसले. मीपण हसलो. ती आत गेली, ती जेवायलाच आली नाही.

वाक्य त्याचं नव्हतं. रात्री त्याच्या मोबाईलवर तसल्याच रील एकामागून एक येताना बघितल्या.

भावांनो, हा धंदा आहे. अँड्र्यू टेट महिन्याला सुमारे ५० डॉलर घेऊन पोरांना श्रीमंत व्हायचे धडे विकायचा. नवं गिऱ्हाईक आणणाऱ्याला कमिशन. म्हणून ही पोरं त्याच्याच क्लिपा कापून सगळीकडं टाकत सुटली. बायकांबद्दल जितकं घाण बोलणं, तितके बघणारे जास्त. ऑगस्ट २०२२ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूबनं त्याला काढलं. डिसेंबरात रोमानियात मानवी तस्करी आणि बलात्काराच्या आरोपांखाली अटक झाली. आरोप तो नाकारतो. क्लिपा मात्र अजून फिरताहेत.

"परदेशातलं सोडा की," म्हणाल. मग जानेवारी २०२२ आठवा. 'बुल्ली बाई' ॲपवर मुस्लिम बायकांचे फोटो 'लिलावाला' लावले होते. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मुंबई पोलिसांनी पकडलेल्यांत बेंगळुरूत इंजिनिअरिंग शिकणारा २१ वर्षांचा पोरगा होता. आपल्यातलीही किती पोरं तिथं शिकताहेत!

राग खरा आहे, मान्य. नोकरी नाही, लग्न जमत नाही, डिग्री हातात पडली की पुण्याची गाडी. पण ती नोकरी तुमच्या बहिणीनं खाल्लेली नाही. तिलाही तीच गाडी पकडायची आहे, आणि त्याआधी घरातल्या चौघांची परवानगी काढायची आहे. ज्यांनी नोकऱ्या द्यायच्या त्यांना जाब विचारायला दम लागतो. वर्गातल्या पोरीला शिवी द्यायला नुसता नेटपॅक पुरतो. यात कसली मर्दानगी?

मी त्या बहिणीला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, "तो काय, बोलतच असतो दादा. तू हसलास, त्याचं वाईट वाटलं."

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर तसली रील आली तर पुढं ढकलू नका. हसायची इमोजी टाकू नका. "हे मला पटलं नाही" एवढं लिहा. पाठवणारा जवळचा मित्र असेल, तर कट्ट्यावर गाठून तोंडावर सांगा.