धान सरकारचे, घाम कोणाचा?

भंडारा जिल्ह्याला भाताचे कोठार म्हणतात. प्रत्येक निवडणुकीत कोणी ना कोणी पुढारी येतो आणि धानावर प्रक्रिया करणारे उद्योग आणू, हजारो हातांना काम देऊ असे सांगून जातो. काम मिळेल, हे खोटे नाही. पण कोणाला कोणते काम मिळेल, हे कोणी सांगत नाही. आपल्या वस्त्यांनी आधी तेच विचारले पाहिजे.

राईस मिलमध्ये आपला माणूस आजही बहुतेक हमाल म्हणूनच दिसतो. 50 किलोचे पोते पाठीवर, नाकातोंडात तुसाची धूळ आणि मजुरी पोत्यामागे. बाया झाडणे, पाखडणे, बारदाना शिवणे यांत. पूर्वी तांदळातील खडे आणि काळे दाणे बायाच निवडत. सॉर्टेक्स यंत्र आले आणि ते काम गेले. उद्या पोती उचलणारी यंत्रे प्रत्येक मिलमध्ये येतील, तेव्हा हमालीही जाईल. वाढणारे काम आहे यंत्र चालवणाऱ्याचे, वीजतंत्र्याचे, ओलावा आणि तुकडा तपासणाऱ्याचे. त्या खुर्च्यांवर आपली किती मुले आहेत?

1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तेथे धागा तोंडाने ओढावा लागे. पगार मात्र त्याच खात्यात जास्त. आज तसे उघड कोणी म्हणत नाही. पण खाण्याच्या वस्तूला कोणाचा हात लागावा आणि कोणाची फक्त पाठ लागावी, हे अजूनही कुठेतरी ठरते. (याच भंडाऱ्यातून बाबासाहेब 1954 ची पोटनिवडणूक लढले आणि हरले, याची आठवण ठेवलेली बरी.)

आता व्यवहाराकडे वळू. या मिलमध्ये मोठा वाटा सरकारी धानाच्या भरडाईचा असतो. आधारभूत केंद्रावर धान सरकार विकत घेते. एक क्विंटल धानामागे 67 किलो कच्चा तांदूळ मिलने परत द्यायचा. भरडाईचा दर सरकार देते. कोंडा, तूस, कनकी मिलमालकाकडेच राहते आणि त्याचेही पैसे होतात. म्हणजे धान सरकारचे, पैसा सरकारचा, तांदूळ रेशनचा. मग पोते उचलणारा तेवढा सरकारचा कोणी नाही, असे कसे?

सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये शाळेतील मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य देण्याचा आदेश दिला. शासनाच्या पैशाने अन्न शिजते म्हणून तेथे अट घालता येते, तर शासनाच्या पैशाने भरडाई होते तेथे का नाही? भरडाईच्या करारातच लिहा: भविष्य निर्वाह निधी, विमा, किमान वेतन यांची कागदपत्रे नसतील तर देयक नाही. आणि यंत्रावरच्या जागांत आयटीआय झालेली आपली मुले घ्या. सामाजिक न्यायाच्या नावाने मते मागणाऱ्यांनी विधिमंडळात एवढे तरी मागावे.

नवे कायदे दोन्ही बाजूंनी कापतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. विजेवर चालणारा कारखाना मोजायला आता 20 कामगार लागतात, 1948 च्या मूळ कायद्यात 10 होते. कंत्राटी कामगारांची मर्यादा 20 वरून 50 झाली. एकाच आवारात तीन ठेकेदार कागदावर दाखवले की पन्नासाचा आकडा कधी भरतच नाही. लहान मिलमधील माणूस यातून सरळ बाहेर पडतो, आणि हे आपोआप झालेले नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 1946 मध्ये मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. ते 1948 मध्ये कायदा झाले, त्याच्या पहिल्याच अनुसूचीत राईस मिल होती. नव्या वेतन संहितेत अनुसूचीच राहिली नाही, किमान वेतन प्रत्येक कामाला लागू आहे, कामगार एक असो की शंभर. दाव्याची मुदत पूर्वी सहा महिने होती, आता तीन वर्षे आहे. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

पण तुम्ही तेथे काम केले हे आधी दिसावे लागते. माझ्याकडे येणारे बहुतेक हमाल रिकाम्या हातांनी येतात. तेव्हा एक वही ठेवा. तारीख, मिल, ठेकेदाराचे नाव, किती पोती, किती पैसे, सोबत कोण होते. घरात शिकलेली मुलगी असेल तर तिला रोज संध्याकाळी लिहायला सांगा. दहा किंवा जास्त माणसे असतील तेथे नियुक्तीपत्र लेखी मागा, दोघातिघांनी मिळून मागा, एकट्याने नको. हंगाम सुरू होण्याआधीच मागा, कारण तेव्हाच मालकाला तुमची गरज असते.