आरोग्यविचार : यंत्राची नजर व मुखांतील ओलावा

मागील महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं भोजनाचा योग आला. पंक्तींत त्यांचे वृद्ध काका प्रत्येक घासागणिक पाण्याचा घोट घेत होते. पोळीहि त्यांनीं ताकांत कुस्करून घेतली होती. आमची दृष्टि तिकडे गेलेली पाहून ते हंसून म्हणाले, "बारा वर्षांपूर्वीं घशाचा कर्करोग झाला. किरणांनीं तो गेला, पण जातांना तोंडची लाळ घेऊन गेला. अन्न आहे, भूक आहे. घास मात्र उतरत नाहीं."

मस्तक व मान यांच्या कर्करोगावरील उपचारांतील एक मोठी अडचण काकांच्या या उद्गारांत आली आहे. किरण रोगाच्या पेशी मारतात, परंतु वाटेंतील निरोगी अवयवांसहि सोडीत नाहींत. कानाच्या पुढें व खालीं असलेल्या लालाग्रंथि करपल्या म्हणजे मुखांतील ओलावा आटतो. २०११ सालीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक प्रयोगांत, जुन्या पद्धतीनें किरण घेतलेल्या शेंकडा ७४ रोग्यांस वर्षानंतरहि कोरडेपणाचा बराच त्रास होता. या ग्रंथि वांचवून किरण दिले तेव्हां हें प्रमाण शेंकडा ३८ वर आलें.

पण वांचवावयाचें तें प्रथम आंखून द्यावें लागतें. सी. टी. स्कॅन म्हणजे शरीराचे पातळ काप करून पाहावे तशीं चित्रें. त्यांतील एकेका चित्रावर ग्रंथि, मज्जारज्जु, जबडा यांच्या सीमा डॉक्टरांनीं हातानें रेखावयाच्या. एका रोग्यामागें कित्येक तास जातात.

हें काम संगणकास शिकविण्याचा उद्योग लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालय व डीपमाइंड कंपनी यांनीं २०१६ सालीं आरंभिला, व त्याचा वृत्तांत २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांनीं रेखलेलीं शेंकडों चित्रें यंत्रापुढें ठेवावयाचीं, त्याची रेषा जेथें चुकेल तेथें चूक मोजावयाची, आणि त्याचें आंतील गणित किंचित् बदलावयाचें, असा हा क्रम. मूल धुळपाटीवर अक्षर गिरवितें, त्यांतलाच हा प्रकार! एकवीस अवयवांपैकीं बहुतेकांच्या बाबतींत यंत्राची रेषा तज्ज्ञांच्या तोडीची ठरली.

तथापि यंत्रास दिसतें म्हणजे समजतें असें नव्हे. दांतांत भरलेल्या धातूमुळें चित्रावर पट्टे उमटले, अथवा शस्त्रक्रियेनें एखादी ग्रंथि पूर्वींच काढलेली असली, तर त्याची रेषा भलतीकडे जाऊं शकते. म्हणून प्रत्येक रेषा तपासून मान्य करण्याचा भार डॉक्टरांवरच राहतो, व तो राहावा हेंच इष्ट.

शिवाय यंत्राची ही नजर कामास येते ती रोग ठरल्यानंतर. तत्पूर्वींची नजर घरच्या माणसांची. भारतांत मुखाच्या कर्करोगाचे एक लाखाहून अधिक नवे रोगी दरवर्षीं आढळतात. तंबाखू, तपकीर व मिश्री यांचा दोष सर्वांस ठाऊक आहे; परंतु तंबाखूवांचूनची नुसती सुपारीहि कर्ककारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्यसंघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेनें २००४ सालींच दिला. जेवणानंतर तबक पुढें करणाऱ्या यजमानांनीं याचा विचार अवश्य करावा.

तोंडांतील व्रण तीन आठवड्यांत भरला नाहीं, पांढरा किंवा तांबडा चट्टा दिसला, तोंड पूर्वींइतकें उघडेनासें झालें, आवाज बसला तो सुटेना, अथवा मानेंत गांठ लागली, तर घरगुती उपायांत दिवस न दवडतां डॉक्टरांकडे जावें. वडील मंडळी संकोचानें सांगत नाहींत. तेव्हां सुनामुलांनींच विचारावें. काकांचा व्रण चार महिने कोणीं पाहिलाच नव्हता.